इंडीड

शाळेच्या कोशात अर्थ एकच होता : खरोखर.
पेन्सिलीनं रेघ मारली मी त्याच्याखाली
आणि प्रकरण मिटलं असं धरून चालले.

मग लीट्रिमला आले, हार्डवेअरच्या दुकानात.
वजनावर खिळे, मेंढ्यांचं जंतांचं औषध, पीटच्या विटा,
आणि गल्ल्यामागे अट्रॅक्टा गिलहूली,
चष्मा दोरीला, दोरी कार्डिगनच्या बटनाला.

हवा बरी आहे आज, गिऱ्हाईक म्हणे.
आहे इंडीड.
उद्या पाऊस यायचा.
यायचा इंडीड.
बँकेचा कोवळा साहेब आला, म्हणाला,
गावाच्या सोयीसाठीच बंद करतोय आम्ही ही शाखा.
इंडीड, ती म्हणाली. नुसतंच. क्रियापदाशिवाय.
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या
आणि जाताना तो उगाचच एक झाडू विकत घेऊन गेला.

इथे हो-नाही फारसं कुणी म्हणत नाही.
आलास का, तर आलो. जेवलास का, तर जेवलो.
त्यांच्या जुन्या भाषेत म्हणे 'हो'ला शब्दच नाही,
क्रियापदच परत करायचं,
शेजारणीची वाटी परत करावी तसं,
आणि वाटी रिकामी जाऊ नये म्हणून
तिच्यात चिमूटभर इंडीड.

एवढं मला लगेच समजलं.
अडलं ते पुढे.
आपला जोर एका अक्षराचा. च.
मीच, आजच, नकोच :
गोचिडासारखा शब्दाला चिकटतो, झटकून निघत नाही.
यांचा सुटा. वाक्य संपतं, श्वास होतो,
मग तो मागाहून येतो, उंबऱ्यावर थबकतो,
आत यायचं की बाहेरून कडी घालायची
हे तिथे उभं राहून ठरवतो.

मेल मॅकटिअर्नन दर गुरुवारी यायचा.
चार बिजागऱ्या. कधी तीन नाहीत, कधी सहा नाहीत.
एवढी दारं कुठली त्याच्या दोन खोल्यांना?

एकदा सिमेंटच्या गोण्या त्याच्याकडे टाकायला गेलो,
व्हॅनचा रेडिओ बिघडलेला, म्हणून असेल,
समोरच्या काचेकडे बघत त्यानं सांगितलं :
एकोणऐंशी साली, कार्निव्हलच्या तंबूबाहेर,
चिखलावर टाकलेल्या फळीवर उभं राहून विचारलं मी तिला,
करशील का लग्न माझ्याशी?
करीन इंडीड, म्हणाली. आणि हसली.

आता तूच सांग, पोरी.
करीन इंडीड म्हणजे करीन, अगदी नक्की करीन.
आणि करीन इंडीड म्हणजे, करतेय बरी!
सूर वर गेला की खाली, एवढाच काय तो फरक,
आणि आत तेव्हा बँड वाजत होता.

टोपी चढवून तो सायकलवर बसला होता.
फळीवर ती किती वेळ उभी होती
ते त्याला माहीत नाही. त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

गोण्या सात होत्या. आम्ही मुकाट्यानं उतरवल्या.
रात्री मी कोश काढला.
खरोखर, तो म्हणाला.
रेघ पार पुसट झाली होती.

पुढच्या गुरुवारी, तो दारातून आत येताना दिसला तेव्हा
हिंमत करून मी बाईंना म्हटलं,
चांगला माणूस आहे ना, मेल?
कागदी पिशवी फुंकर मारून उघडत ती म्हणाली
आहे इंडीड
आणि मी कान टवकारले, वर की खाली,
पण किल्ल्या कापायचं मशीन किरकिरत होतं
आणि ते चालू केलं होतं मी.
मीच.

पिशवीत मात्र पाच बिजागऱ्या पडल्या. मोजल्या मी.
बिल चारचंच.